चक्कीचा कान

त्या दिवशी कमलाकरला काम एवढंच होतं की बंद असलेली चक्की चालू करून द्यायची आणि घरी येऊन झोपायचं. चक्की बिघडली नव्हती. आतले झिजलेले पत्रे बदलायला मुद्दाम थांबवली होती. मे महिना, त्यात मारेगावकडचं ऊन. निघताना इंदूबाईनं नवऱ्याच्या खिशात कांदा घातला, पोराच्याही खिशात घातला, आणि म्हणाली, "रजत आत उतरणार हाय नं आज? भर बाराच्या टायमाले त्या भोकात नका राहू देऊ त्याले."

"भोक नाई ते, दरवाजा हाय," कमलाकर म्हणाला.

"ज्यातून मानसाले रांगत जावं लागते, त्याले आमच्याकडं भोक म्हनतात."

बाप-लेक एकाच मोटरसायकलवर कारखान्यात गेले.

चक्की म्हणजे पिठाची नव्हे. घराच्या खोलीएवढं लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं, आणि त्याच्या पोटात ढिगानं लोखंडी गोळे. पिंप फिरतं, गोळे वर चढतात आणि कोसळतात. पट्ट्यावरून चुनखडीचा दगड एका तोंडानं आत जातो, दुसऱ्या तोंडानं पीठ होऊन बाहेर पडतो. सगळी गोम दगड किती सोडायचा यात. कमी सोडला तर गोळे लोखंडावरच आपटतात आणि चक्की स्वतःलाच खाते. जास्त सोडला तर पोट गच्च होतं, मग ती नुसती फिरते, दळत नाही. आत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही, ऐकावं लागतं. उपाशी चक्की खणखणते. पोट भरलेली घोगरं बोलते. मधला एक आवाज असतो, तो धरून ठेवायचा.

ऐकायचं काम भीमसिंगचं. तो तांड्यावरचा माणूस. चक्कीशेजारच्या खांबाला टेकून पाळीभर उभा राहायचा. वर काचेच्या कंट्रोल रूममध्ये बटणांपाशी कमलाकर. दोघांच्या मध्ये एक फोन. खालच्या खडखडाटात लांबलचक बोलणं कोणाच्या बापाला ऐकू यायचं नाही, म्हणून दोनच शब्द ठरलेले. "दे" म्हटलं की कमलाकर दगड वाढवी. "थांब" म्हटलं की कमी करी. आणि दर वेळी म्हणे, "बरं." दोघांनी जन्म असा काढला. बाहेर भेटले तर बोलायला काही सुचत नसे. टपरीवर चहा पीत उभे राहत आणि आपापल्या वाटेनं जात.

भीमसिंग दिवाळीच्या तोंडावर वारला. कारखान्यात नाही. घरी, खाटेवर, खोकून खोकून. चक्की त्या दिवशीही चालली.

मग नागपूरहून साकेत आला. शिकलेला पोरगा, पण वाईट नव्हता. डबा सगळ्यांत बसून खायचा आणि कमलाकरला काका म्हणायचा. भीमसिंग ज्या खांबाला टेकायचा, त्याच खांबावर त्यानं मुठीएवढा मायक्रोफोन बसवला. त्याला तो कान म्हणे. कान ऐकणार, कॉम्प्युटर ठरवणार, दगड आपोआप कमी-जास्त होणार.

"काका, महिनाभर तुम्ही चालवता तसंच चालवा," साकेत म्हणाला. "कॉम्प्युटर बाजूला बसून बघेल. कानानं काय ऐकलं आणि तुम्ही काय केलं, ते जोडत जाईल. शिकेल."

"मंग माह्यं काय काम?"

"मग तुम्ही आराम करा."

कमलाकरला राग यायला पाहिजे होता. आला नाही. गुडघे गेले होते. घरी उशीवर डोकं टेकलं तरी कानात चक्की फिरत राहायची. सणावारालाही ती थांबत नसे. तो म्हणाला, "लवकर शिकव बावा त्याले."

महिनाभर तसं चाललं. फोन वाजे. दे. बरं. फोन वाजे. थांब. बरं. भीमसिंगच्या जागी बबलू नावाच्या गड्याला लावलं होतं. गडी एवढ्या लवकर तयार झाला याचं कमलाकरला बरं वाटलं. आवाज ओळखायचा प्रश्न नव्हता. त्या गोंगाटात सगळ्यांचा घसा सारखाच.

महिना संपला तसा फोन वाजायचा थांबला. आणि चक्की अशी सुरेख चालायला लागली, की साहेब लोक येऊन पीठ चिमटीत धरून बघून गेले. कमलाकर पडद्यावरची दगडाची रेघ बघत बसे. दुसरं करायला नव्हतंच काही. ती रेघ त्याला ओळखीची वाटे. दगड वाढवण्याआधी ती जराशी अडखळायची. खोकल्याची उबळ आलेला माणूस बोलायच्या आधी थांबतो ना, तशी.

तर त्या दिवशीचं.

चक्कीत उतरणारी टोळी रामसिंगची. रामसिंग भीमसिंगचा धाकटा भाऊ, तोंडाचा फाटका, कामाला पक्का. रजत आयटीआय करून त्याच्याच हाताखाली लागला होता. कमलाकरनंच लावून दिला होता, दुसरीकडे कुठं लागेना म्हणून. आत काम करणं म्हणजे तापलेल्या तव्याच्या पोटात बसणं. थोडं काम, मग बाहेर येऊन पाणी, मग पुन्हा आत.

काम संपल्यावरची एक रीत होती. ती भीमसिंगनंच घालून दिलेली. दरवाज्याचं झाकण बसवण्याआधी मुकादमानं दाराशी उभं राहून आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि ज्याचं त्यानं बाहेरून "हो" म्हणायचं. सगळ्यांचे हो आले की बोल्ट आवळायचे आणि वर कंट्रोल रूमकडं हात करायचा.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा काम आटोपलं. चक्की बंद असली की तो कारखाना परका वाटतो. कूलरची घरघर तेवढी. काचेबाहेर सगळं पांढरं होतं. पत्रे पांढरे, कडुनिंब पांढरा, माणसं पांढरी. पीठ भुवयांवर बसलेलं, डोक्यातोंडाला दुपट्टे गुंडाळलेले. कोण कुठला ते चालीवरून ओळखायचं. वारा पडला होता. गरम लोखंडाचा आणि ग्रीसचा वास वर खोलीपर्यंत आला होता.

खिडकीच्या फटीतून रामसिंगची हाक आली.

"शंभा."

"हो."

"गजू."

"हो."

"रजत."

"हो."

पोराचा आवाज कमलाकरनं ऐकला. लहानपणी अभ्यासाला बस म्हटल्यावर यायचा तोच, कंटाळलेला, शेवटाला वर उचललेला. बोल्ट आवळले गेले. रामसिंगनं हात वर केला.

साकेतनं कॉम्प्युटरवरून चक्कीला सुरू व्हायला सांगितलं. पडद्यावर लाल खूण आली. पुन्हा सांगितलं. पुन्हा लाल.

"काय म्हनते तो?" कमलाकरनं विचारलं.

"कानात काहीतरी ऐकू येतंय म्हणतो. सुरू व्हायच्या आधी कानाला अगदी शांतता लागते. नाहीतर कान बिघडलाय असं समजून तो चालू करत नाही."

"बंद चक्कीत काय आयकू येणार?"

साकेतनं पडद्यावर बोट ठेवलं. कानाची रेघ सपाट होती. मग एक बारीकसा उंचवटा. मग सपाट. मग पुन्हा उंचवटा.

"लोखंड वाजते उन्हानं," कमलाकर म्हणाला. "नाईतं धूळ गेली असन तुह्या कानात."

"असेल. मी एकदा खाली जाऊन बघून येतो."

"कायले जातं उन्हात? सगळ्यांचे हो आले. म्या सोता आयकले. बायपासची चावी हाय नं तुह्यापाशी."

"काका, पण तो नाही म्हणत असताना..."

"त्याले काय, तो मशीन हाय. त्याले घरी जायाचं नाई."

साकेतनं चावी टेबलावर ठेवली. मोठ्या माणसाच्या तोंडाला लागणारा पोरगा नव्हता तो. कमलाकरनं ती घेतली, भोकात घातली, फिरवली. लाल गेलं, हिरवं आलं. आता कानाला कोणी विचारणार नव्हतं. त्यानं हिरव्या बटणावर अंगठा ठेवला.

टेबलावरचा फोन वाजला.

त्यावर बोटभर धूळ होती. कमलाकरनं डाव्या हातानं तो उचलला, जसा जन्मभर उचलला होता, तसाच. कानात चक्कीचा खडखडाट शिरला. भरधाव चाललेली चक्की, गोळे कोसळताहेत, दगड चुरतोय. आणि त्या सगळ्याच्या मागून जवळच कोणीतरी अडखळलं, आणि म्हणालं,

"थांब."

"बरं," कमलाकर म्हणाला, आणि अंगठा बटणावरून उचलला.

फोन ठेवल्यावर त्यानं काचेतून खाली पाहिलं. चक्की उभी होती. मघापासून उभीच होती. मग हा खडखडाट आला कुठून?

"कोण होतं?" साकेतनं विचारलं.

कमलाकरनं चावी उलटी फिरवून काढली, खिशात कांद्याशेजारी टाकली, आणि गुडघ्यांना शिव्या देत जिना उतरला.

"दरवाजा उघड," तो रामसिंगला म्हणाला.

"काहून? आत्ताच तं आवळला."

"उघड."

"ऊन लागलं का तुमाले, कमलाकरभाऊ? सगळे बाहेर हायेत. तुमचा पोट्टा काय, तथी बसला."

रामसिंगनं कडुनिंबाकडं बोट केलं. खोडाला टेकून एक जण बसला होता. गुडघे जवळ घेतलेले, डोक्यावरून दुपट्टा, पायापासून डोक्यापर्यंत पांढरा.

"रजत," कमलाकरनं हाक मारली.

"हो," तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

शंभा हसला. गजू म्हणाला, "काका, आता आमचीबी हजेरी घ्या." कमलाकर त्या बसलेल्याकडं बघत राहिला. पोरगा घरी असा बसायचा नाही. पाय पसरून बसायचा, आई ओरडेपर्यंत. हा टेकून बसला होता. खांबाला टेकावं तसा, एक कान खोडाला लावून.

"रामसिंग," तो हळू म्हणाला, "दरवाजा उघड. मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

बोल्ट सुटले. झाकण बाजूला झालं तशी आतून वाफ आली, तापल्या भट्टीचं दार उघडावं तशी. रामसिंगनं बॅटरी मारली.

रजत पार पलीकडच्या टोकाला पालथा पडला होता. एक हात लांब पसरलेला, हातात पाना. श्वास ओढला की हात हलत होता आणि पाना नव्या पत्र्यावर लागत होता. टिक. मग काही नाही. मग टिक. विसरलेला पाना आणायला तो परत शिरला होता आणि उन्हानं तिथंच कोसळला होता. हे नंतर कळलं.

ओढून बाहेर काढला तेव्हा अंग भाजत होतं. खिशातला कांदा उकडल्यासारखा मऊ झाला होता. कोणी पाणी ओतलं, कोणी जीपसाठी पळालं. साकेत वरून धावत आला आणि नुसता उभा राहिला. कमलाकरनं मान वळवून कडुनिंबाकडं पाहिलं. खोडापाशी कोणी नव्हतं. खालचं पीठ सारवल्यासारखं सपाट होतं.

बाकीच्यांनीही पाहिलं.

जीप येईपर्यंत रामसिंग पोराच्या डोक्यावर ओला दुपट्टा धरून बसला होता. मग खालच्या मानेनं म्हणाला, "भिया असन तो."

"तुहा भाऊ?"

"त्याची खोड होती. एखादा बिडीले गेलेला असला, तं त्याच्या नावाचा हो भियाच म्हने. कामाचा खोळंबा नको म्हनून."

"रीत घालून देणाराच?"

"हो. आंधी हो म्हने, आन मंग धावत जाऊन पाहे, गडी खरंच बाहेर हाय का नाई. म्या लय भांडलो त्याच्याशी यावरून."

"पण आवाज तं रजतचा होता."

रामसिंगनं दुपट्टा पिळला.

जीप बबलूनं चालवली. मागं कमलाकर पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी शेतं होती, नांगरून टाकलेली. तो म्हणाला, "बबलू, बरा टायमावर फोन केला बावा तू. उपकार झाले."

"कोन्ता फोन?"

"चक्कीपाशून. थांब म्हनला तो."

"म्या कायले करतो फोन? म्या तं गोदामात पोते मोजून राह्यलो होतो." बबलूनं आरशातून मागं पाहिलं. "आन काका, चक्कीपाशी फोन हाय कुठी? कान बसवला त्याच दिवशी साहेबानं फोन काढला. त्याचीच वायर कानाले लावली. कान हाय तं मानूस कायले, म्हने. मले तवाच गोदामात धाडलं. म्या तथी दोन दिवसबी उभा नाई राह्यलो."

"मंग महिनाभर मले दे-थांब कोन सांगे?"

"मले काय माहीत," बबलू म्हणाला. "तुमी काय म्हना त्याले?"

"बरं म्हनो."

त्यावर बबलूनं जीप जोरात काढली.

दवाखान्यात पोराला बर्फ लावला, सलाईन लावली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता. आता झोपू द्या, हाक मारू नका. सिस्टरनं दोनदा तोंड पुसलं त्याचं. इंदूबाईला निरोप गेला होता, ती गावाकडून निघाली होती. कमलाकर लोखंडी स्टुलावर बसला. पंखा गरम वारा फिरवत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला चक्कीचा आवाज येत नव्हता, आणि त्या शांततेत त्याचे डोळे मिटायला लागले.

ऊन कलायच्या आत मोबाइल वाजला. रामसिंग होता.

"पोरगा कसा हाय?"

"झोपला."

"साहेब म्हनते चक्की चालू करा. माल अडला. म्या सोता आत जाऊन कोपरा न् कोपरा पाह्यला, कमलाकरभाऊ. कोनी नाई. आता दरवाजा लावून राह्यलो."

"फोन चालू ठेव," कमलाकर म्हणाला. "मले आयकू दे. आन रजतचं नाव घेऊ नको."

"येडा हाय का मी? नाई घेत."

बोल्टांचा आवाज आला. मग रामसिंगनं घसा साफ केला.

"शंभा."

"हो."

"गजू."

"हो."

एवढी वर्षं त्या जिभेला एकच वळण. ती थांबणार नाही, हे कमलाकरला त्या क्षणी कळलं. फोन कानाशी तसाच धरून तो उठला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यानं पोराच्या तोंडावर ठेवला. दाबून ठेवला.

"रजत," रामसिंग म्हणाला.

हाताखालचे ओठ हलले नाहीत.

"हो," फोनमधून आलं. कंटाळलेलं, शेवटाला वर उचललेलं.

तिकडून रामसिंगचा आवाज आला, अगदी बारीक. "कमलाकरभाऊ... तो तथीच हाय नं?"

"इथंच हाय. माह्या हाताखाली."

"मंग हा..."

त्याच्या मागून साकेत कोणाला तरी सांगत होता, कान शांत आहे म्हणून. सगळं हिरवं आहे. बायपास लागणारच नाही.

कमलाकर वाट बघत राहिला. आता तो शब्द यायला पाहिजे होता. दुपारी आला होता तसा. भीमसिंग आधी हो म्हणायचा आणि मग धावत जाऊन पाहायचा, रामसिंगच म्हणाला होता. मग पाहू दे त्याला. सांगू दे थांब. मोबाइलमध्ये नुसती घरघर होती. मग त्या घरघरीत, रामसिंगहून जवळ, कोणीतरी उबळ आल्यासारखं अडखळलं.

"दे."

"बरं," कमलाकर म्हणाला.

तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय द्यायला बरं म्हटलं ते. तोवर चक्कीनं पहिला वळसा घेतला होता. फोनमध्ये गोळे वर चढले आणि कोसळले. पुन्हा चढले, पुन्हा कोसळले. रामसिंग काहीतरी ओरडत होता, ते खडखडाटात बुडून गेलं. मग फोन तुटला.

दारात इंदूबाई आली होती. पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, "असं काहून दाबून धरलं त्याचं तोंड? श्वास घेऊन राह्यला नं तो?"

कमलाकरनं हात उचलला नाही. श्वास तळव्याला लागत होता. गरम होता, नेमाचा होता. एक यायचा, कोसळल्यासारखा. मग जरासा अडखळायचा, खोकल्याची उबळ आलेला माणूस थांबतो तसा. आणि मग पुढचा यायचा.